रेडिएशन सोमवारपासून सुरू होतंय. सुरुवातीचे दिवस कसे जातात?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला येतो, पण आज विचारल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या आण्णांना (वडील, वय ६४) गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. तंबाखू-चुना, मिसरूड फुटल्यापासून. ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. रिपोर्टात दोन गाठींत आजार सापडला, म्हणून आता रेडिएशन. ६० ग्रे (हे किरणांच्या डोसचं माप), ३० फ्रॅक्शन (म्हणजे तीस वेळा थोडं थोडं), सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. केमो लागणार नाही म्हणाले. कोल्हापुरात करतोय. मास्क तयार आहे, प्लॅनिंगचा स्कॅनही झाला.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं, पण त्या खोलीत बसून ऐकलेलं डोक्यात किती राहतं? पहिल्या दिवशी नक्की काय करतात? दुखतं का? घरात तीन वर्षांचा नातू आहे, त्याला आण्णांजवळ जाऊ द्यायचं की नाही? गावाहून रोज एसटीनं जाऊन येऊन जमेल की खोली घ्यावी?

आणि एक वेगळीच अडचण. आण्णा माळकरी आहेत. मास्क बनवताना एकदा माळ काढली, ती ‘एकदाच’ म्हणून. आता रोज काढायची म्हटल्यावर बसलेत अडून.

गूळखोबरं
आण्णांना शुभेच्छा. जाणकार येतीलच. वाचनखूण साठवली, आमच्याकडेही पुढच्या महिन्यात हेच आहे.

काचेपलीकडचा
मी या खात्यात टेक्नॉलॉजिस्ट आहे. मशिन चालवणारे आम्हीच, त्यामुळे पहिल्या दिवसाचं तरी खात्रीनं सांगू शकतो.

आण्णांना कडक टेबलावर उताणं झोपवतील. मानेखाली प्लॅस्टिकची उशी. मास्क चेहऱ्यावर आणि खांद्यापर्यंत बसवून टेबलाला खटके लावतील. तो मास्क म्हणजे जाळीदार प्लॅस्टिक आहे. सुमारे ७० अंश गरम पाण्यात मऊ होतं, चेहऱ्यावर ताणून धरलं की काही मिनिटांत आकार धरून घट्ट होतं. त्यातून श्वास घेता येतो, कारण सगळी भोकंच भोकं असतात. भिंतीवरून आणि छतावरून लेझरच्या रेघा येतात, त्या मास्कवरच्या खुणांशी जुळवतो. मग आम्ही बाहेर जातो. जाड दरवाजा बंद होतो, तेव्हा पेशंटला सगळ्यात एकटं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा: आत कॅमेरा आहे, माईक आहे, आम्ही सतत बघत असतो. त्रास वाटला तर हात वर करायचा. बोलायचं नाही, कारण जबडा हलतो.

पहिल्या दिवशी वेळ जास्त लागतो, अर्धा-पाऊण तास धरा. कारण आधी स्कॅन घेऊन तो प्लॅनिंगच्या स्कॅनवर ठेवून बघतात, फरक मिलिमीटरमध्ये मोजतात आणि टेबल तेवढं सरकवतात. डॉक्टर ते बघून होकार देतात, मगच किरण सुरू. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना पहिल्या दिवशी वाटतं, आत काहीतरी बिघडलं. तसं काही नसतं.

दुखत नाही. गरमही लागत नाही. मशिनचं डोकं भोवती फिरतं, घरघर आवाज येतो, एवढंच.

नातू: बिनधास्त मांडीवर बसू दे. बाहेरून दिलेल्या किरणांनी माणूस किरणोत्सर्गी होत नाही. मशिन बंद, किरण बंद. ज्यांना किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात किंवा अंगात कायमचे किरणोत्सर्गी दाणे बसवतात, त्यांना वेगळे नियम असतात. आण्णांचं तसं नाही.

माळेचं: गळ्याभोवतीचं काहीही काढावंच लागतं, मास्क त्याशिवाय बसत नाही. आमच्याकडे निम्मे पेशंट माळ, ताईत, गंडा घालून येतात. बरेच जण माळ मनगटाला गुंडाळतात. अंगावरून उतरत नाही आणि आमचंही काम होतं. हात पोटाशी असतात, तिथे किरण जात नाहीत.

आणि हो, आण्णांना मिशा आहेत का? मास्क करताना जशा होत्या तशाच ठेवा. मधेच दाढी वाढवली किंवा मिशा उतरवल्या तर मास्क घट्ट-सैल होतो.

येरळाकाठ
लाख धन्यवाद. मनगटाचं सांगितलं तर म्हणाले, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे हो.

मिशा आहेत. त्या कुणी उतरवेल असं वाटत नाही.

वाटसरू
माळेबद्दल: आमचे चुलते वारी चुकवत नसत. फडावरच्या महाराजांनाच जाऊन विचारलं. ते म्हणाले, औषधापुरती हातात घ्या, त्यात काही मोडत नाही. आण्णा ज्यांना मानतात त्यांच्याकडूनच एकदा वदवून घ्या. तुम्ही-आम्ही सांगून उपयोग नाही.

दुसरं, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तंबाखू सुटली का?

येरळाकाठ
ऑपरेशनपासून बंद आहे. फक्त सकाळी मशेरी लावतात, दातांना सवय म्हणून.

वाटसरू
अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की! आजच डबी उचला घरातून. रेडिएशन चालू असताना तंबाखू चालू राहिली तर उपचाराचा गुणही कमी येतो आणि तोंड जास्त सोलवटतं. हे आमच्या डॉक्टरांनी चुलत्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, म्हणून लक्षात आहे.

निमा_कोथरूड
माझं तोंडाचं नाही, डाव्या स्तनाचं होतं. १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे. तरी पहिल्या दिवसांबद्दल लिहिते, कारण तेव्हा मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात काहीही झालं नाही. अक्षरशः काही नाही. केमोनं मला इतकं लोळवलं होतं, की मी मनाची तयारी करून गेले होते, आणि इथे झोपायचं, श्वास धरायचा, उठायचं, रिक्षा पकडून घरी. (डाव्या बाजूला असल्यानं दीर्घ श्वास घेऊन रोखायला शिकवलं होतं. फुप्फुस फुगलं की हृदय छातीपासून जरा मागे सरतं, मग त्याला कमी किरण लागतात.) त्यामुळे घरचेही निर्धास्त झाले. पाहुणे आले, मी पुरणपोळ्या लाटल्या. थकवा आला तो दुसरा आठवडा संपताना, आणि कातडी लाल-काळी झाली ती उपचार संपत आल्यावर. संपल्यानंतरचा आठवडा सगळ्यात वाईट गेला. तोवर विचारपूस करणारे सगळे आपापल्या घरी गेलेले होते.

म्हणून म्हणते, पहिला आठवडा फसवा असतो. आण्णा ठणठणीत दिसतील. तेवढ्यात पुढची तयारी करून घ्या.

बायकांसाठी थोडंसं वेगळं: आत बहुतेक पुरुष कर्मचारी असतात. मला पहिल्या दिवशी फार अवघड गेलं. ताई असेल तर बरं वाटेल, असं सांगितलं तर जमेल तेव्हा सोय केली त्यांनी. विचारायला लाजू नका. आणि अंगावर शाईच्या खुणा करतात, त्या कपड्यांना लागतात. जुने सैल सुती कपडे काढून ठेवा.

लेस्टरची सून
निमाताई, अगदी खरं. माझ्या सासूबाईंचं इथे झालं, त्यांना तर एका आठवड्यात पाच फ्रॅक्शन, २६ ग्रे. इंग्लंडमध्ये स्तनाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला आता हे सर्रास देतात. शाईऐवजी त्यांना टोचून तीन बारीक ठिपके काढले होते. सासूबाई अजून सगळ्यांना दाखवतात, “या वयात गोंदवून घेतलं बाई.”

शंकासुर
एक भाबडा प्रश्न. लेस्टरच्या आजींना ५, निमाताईंना १५, आण्णांना ३०. मग आण्णांचा आजार सहापट मोठा का? आणि पूर्वी कोबाल्ट म्हणायचे, ते हेच का?

काचेपलीकडचा
नाही. आकड्यांची तुलना करूच नका, वेटिंग हॉलमध्ये सगळे हेच करतात आणि घाबरतात. जागा कुठली, शेजारी काय आहे, एका वेळी किती द्यायचं, यावर आकडा ठरतो. तोंडात-घशात लाळेच्या ग्रंथी, मज्जारज्जू, जबडा सगळं दाटीवाटीनं असतं, म्हणून रोज थोडं थोडं, बहुधा २ ग्रे. मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. सगळा खेळ या फरकावर आहे.

कोबाल्ट हे वेगळं मशिन. त्यात कोबाल्ट-६० चा स्रोत असतो, सतत किरण सोडणारा. तो सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, मग त्याच डोसला दुप्पट वेळ. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे त्याच जातीचं, आणि चांगलं काम करतं. आता बहुतेक ठिकाणी लिनॅक असतो. त्यात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं टंगस्टनवर आदळवून क्ष-किरण तयार करतात. आत स्रोत नसतो.

तिसरी_पाळी
माझ्या मिसेसचं जिभेचं झालं, रेडिएशन आणि दर आठवड्याला केमो दोन्ही. निमाताईंनी म्हटलंय तेच, पण तोंडाच्या पेशंटला तयारी म्हणजे काय ते लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

खाणं. आता, तोंड चांगलं आहे तोवर, पोटभर खाऊ घाला. वजन जितकं टिकेल तितकं चांगलं. वजन उतरलं की मास्क सैल पडतो. फार सैल झाला तर पुन्हा स्कॅन, पुन्हा मास्क, पुन्हा प्लॅनिंग. दूध सायीसकट, अंडी, मऊ खिचडीवर तुपाची धार, नाचणीची पेज, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी. मिसेसला डाएटिशियननं साखर बंद करायला सांगितली नव्हती, शेजारणीनं सांगितली. शेजारणीचं ऐकू नका. (मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील ते.) तिखट मात्र आताच कमी करा, म्हणजे सवय होईल. कोल्हापूरकरांना हे सांगणं जिवावर येतं, पण तांबड्या रश्श्याला काही महिने राम राम.

गुळण्या. तोंड यायच्या आधीपासून. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. रोज ताजं. दर दोन-तीन तासांनी आणि खाल्ल्यावर प्रत्येक वेळी. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश अजिबात नको. लहान मुलांचा मऊ ब्रश आणा.

तोंड उघडायचा व्यायाम. हा सगळेच टाळतात, कारण सुरुवातीला तोंड नीट उघडत असतं. आम्हाला आईस्क्रीमच्या चपट्या काड्या दिल्या होत्या, एकावर एक रचून दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. आण्णांचं जबड्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे किती आणि कधीपासून हे सर्जनला विचारून. पण विचारा नक्की. नंतर जबडा आखडला तर घास जात नाही.

दात. किडके दात काढायचे असतील तर ते रेडिएशनच्या आधी. झालंय ना?

येरळाकाठ
झालंय, प्लॅनिंगच्या आधीच तीन काढले. काड्यांचं कुणी बोललं नव्हतं, उद्याच विचारतो.

दातवैद्य
छान. आता एवढंच, की पुढे कधीही, अगदी दहा वर्षांनी, खालचा दात काढायची वेळ आली तर आधी सांगायचं की या जबड्याला रेडिएशन झालंय. किरण लागलेलं हाड लवकर भरत नाही, कधी कधी सडतं. ही चिठ्ठी फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

निसर्गोपासक
एवढं सगळं सोसण्यापेक्षा रोज गव्हांकुराचा रस, हळद-दूध आणि गोमूत्र अर्क सुरू करा. गळ्याला बाहेरून हळद-कोरफडीचा लेप. आमच्या ओळखीच्यांना शेक (रेडिएशन) सोसलाच नसता, लेपामुळे काळं पडलं नाही.

काचेपलीकडचा
लेप नको. किरणांच्या आधी कातडीवर कुठलाच थर नको, मग ते तेल असो, हळद असो की क्रीम. डॉक्टर क्रीम लिहून देतील तेच, आणि सांगतील त्या वेळी. रस आणि अर्काचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या-पावडरी तर रेडिएशन चालू असताना टाळायलाच सांगतात. हळद भाजीत असते तेवढी असू दे, तिच्याशी आमचं भांडण नाही.

गूळखोबरं
निसर्गोपासक, प्रत्येक धाग्यावर तेच. असो.

माझा प्रश्न: आईला बंद जागेची भीती आहे, लिफ्टमध्येही जात नाही. मास्कचं काय करू?

काचेपलीकडचा
प्लॅनिंगच्या आधीच सांगा, तिथे गेल्यावर नाही. डोळ्यांची जागा कापून मोकळी करता येते का ते बघतात. काहींना तासभर आधी घ्यायची सौम्य गोळी डॉक्टर देतात. आम्ही कितीतरी जणांना आधी नुसता मास्क हातात देतो, मग खटके न लावता चेहऱ्यावर ठेवतो. आत गाणी लावायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, आईंना आवडतं ते पेनड्राइव्हवर न्या. पहिले दोन-तीन दिवस जड जातात, नंतर माणसं टेबलावर घोरतात, हे मी रोज बघतो.

वाटसरू
पैशाचं कुणी बोललं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, रुग्णालय योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. मंजुरी आल्याशिवाय सुरुवात करू नका, नंतर मागे जाऊन ती मिळवणं कठीण. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत असते, रुग्णालयातून फॉर्म भरून घ्यायचा. एसटीचंही विचारा डेपोत.

राहायचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे गावाहून जमेल, पुढे नको. चुलत्यांचं परळला टाटात होतं, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे सगळे याच वाटेवरचे. कोण काय खातंय, कुणाला कशानं उतार पडला, अर्धं शिक्षण तिथल्या ओट्यावर झालं. कोल्हापुरातही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा, त्यांच्याकडे खोल्यांचे पत्ते असतात.

येरळाकाठ
पहिला दिवस झाला! वेळ लागला, पण आधी वाचलं होतं म्हणून मी शांत होतो. शेजारी बसलेल्या एका मावशींनाही तुमचंच सांगून धीर दिला. माळ मनगटाला. बाहेर आले तेव्हा कपाळावर आणि मिशांवर जाळीची नक्षी उठलेली. म्हणाले, “एवढ्यासाठी एवढं रामायण?” आणि जोतिबाला जाऊन येऊ म्हणून हट्ट. नेलं नाही.

येरळाकाठ
आठवडा पार. काही त्रास नाही, तोंडाला जरा कोरड वाटते. आता ते शनिवारी शेतात जायचं म्हणताहेत, ऊस तोडायला आलाय. जाऊ देऊ का?

निमा_कोथरूड
बांधावर सावलीत बसू दे. किरण लागलेल्या कातडीला ऊन सोसत नाही. मानेला सैल सुती उपरणं गुंडाळायचं, घट्ट कॉलरचा सदरा नको. आंघोळ कोमट पाण्यानं, साबण सौम्य, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. आणि तिथे वस्तरा नाही.

येरळाकाठ
तातडीचा प्रश्न. आज मशिन बंद पडलं, उद्याही सुरू होईल याची खात्री नाही म्हणतात. सगळ्यांना परत पाठवलं. काय करू? दुसरीकडे हलवू का?

काचेपलीकडचा
घाईनं हलवू नका. दुसरीकडे नेलं तर स्कॅन आणि प्लॅनिंग बहुतेक नव्यानं, त्यात जास्त दिवस जातील. एक-दोन दिवसांचा खंड भरून काढता येतो. शनिवारी देतात, किंवा एकाच दिवशी दोनदा, मधे किमान सहा तास ठेवून. पण भरून काढणार का आणि कसा, हे तुम्ही होऊन डॉक्टरांना विचारा. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला की राहिलेल्या पेशी भराभर वाढायला लागतात, सर्वसाधारणपणे एका दिवसाला आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्यानं घटते असं धरतात. म्हणून मशिनचा खंड एकवेळ चालेल, पण आपल्याकडून लग्न, बारसं, जत्रा म्हणून खाडा नको.

येरळाकाठ
मशिन दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. राहिलेलं शनिवारी दिलं. आण्णा म्हणे, “ओव्हरटाइम.”

येरळाकाठ
दुसरा आठवडा संपला. आता खरं सुरू झालंय. गालाच्या आत पांढरे चट्टे, लाळ चिकट, भाकरी माती खाल्ल्यासारखी लागते म्हणतात. गुळण्या करतात, काड्यांचा व्यायाम चालू आहे, पण जेवण निम्म्यावर आलंय. वजन दीड किलो उतरलं. डॉक्टरांनी नाकातून अन्नासाठी नळी घालायचा विषय काढला तर आण्णा उठून बाहेर गेले.

तिसरी_पाळी
चट्टे डॉक्टरांना दाखवा, बुरशीचेही असू शकतात, त्याला वेगळं औषध आहे. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध मिळतं, ते मागा. वेदनेची गोळी दुखल्यावर नाही, वेळेवर, जेवायच्या अर्धा तास आधी. भाकरी सोडा आता. तीच भाकरी दुधात कुस्करून मिक्सरला फिरवली तर जाते, आमच्याकडे जायची.

नळीचं: मिसेसनं पण नाही म्हटलं होतं. मग तिथेच नळी असलेल्या एका बाईंशी बोलणं करून दिलं, त्यांनी तिच्यासमोर नळीतून चहा घेतला. नंतर महिनाभर होती नळी, उपचार संपल्यावर काढली. डॉक्टरांना विचारून आण्णांचीही अशी गाठ घालून द्या, पुरुष पेशंट असेल तर उत्तम. वजन आठवड्यातून दोनदा घ्या, एकाच काट्यावर, सकाळी.

येरळाकाठ
सोमवारी विचारतो. सांगलीचेच एक काका आहेत नळीवाले, आण्णांच्या आधीचा नंबर त्यांचा असतो.